लाल गोळ्या सुरू आहेत, तरी एचबी का वाढत नाही?

सिस्टर_यवतमाळ

कापूस वेचणी सुरू झाली की उपकेंद्रावर बायांच्या त्याच तक्रारी येतात. ओटी भरता भरता धाप लागते, दुपारनंतर पाय ओढवत नाहीत, संध्याकाळी चुलीपुढे बसलं की उठवत नाही. एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) पाहिलं तर साडेआठ-नऊ. आशाताई लोहाच्या लाल गोळ्या देते, बाई "घेतो ना जी" म्हणते आणि महिन्याने एचबी तिथंच असतं. मग ठरलेलं वाक्य येतं: "गोळ्या काही कामाच्या नाही, सलाईनच लावा."

तर हा धागा एवढ्याच प्रश्नाचा: गोळी चालू असून रक्त का वाढत नाही. ज्यांना जे पक्कं ठाऊक आहे तेच लिहा, घरगुती चमत्कार नकोत.

आधी आकडे. गरोदर नसलेल्या बाईचं एचबी १२ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय. गरोदरपणी ७ ते ९.९ मध्यम, ७ च्या खाली तीव्र. गरोदर नसेल तर ८ ते १०.९ मध्यम, ८ च्या खाली तीव्र. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बाया रक्तक्षयात निघाल्या. म्हणजे "बायांचं असंच राहते" हे संख्येपुरतं खरं आहे, पण म्हणून ते बरोबर नाही.

सरकारी लाल गोळीत ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. रक्त कमी निघालं तर दिवसाला दोन. शाळेतल्या मुलींची निळी गोळी आठवड्यातून एकदाच असते, तिच्यातही तेवढंच लोह. आठवड्याची गोळी रक्त कमी होऊ नये म्हणून आहे. आधीच ९ वर आलेल्या मुलीचं आठवड्याच्या गोळीने भागत नाही, तिला रोजचा उपचार लागतो. पहिली गफलत इथंच होते.

वऱ्हाडी_ठेचा

काहून जी, बाई सकायी पाच वाजता उठते, चहा मांडते, भाकरी थापते, डबा बांधते अन् सातच्या आत वावरात. गोळी घेते ते चहासंगच. उपाशीपोटी घेतली तर मळमळते, जेवल्यावर घ्या तर जेवण वावरात अन् गोळी घरी. कवा घ्यावं तेवढं सांगा.

पोषण_अमरावती

ठेचाभाऊ, अर्धं उत्तर तुमच्या प्रश्नातच आलं. चहासोबत घेतलेल्या गोळीतलं पुष्कळ लोह वाया जातं. चहातलं टॅनिन लोहाला धरून बसतं, मग आतडं ते उचलू शकत नाही. दूध घातलेल्या चहानेही हेच होतं. कॉफीचंही तसंच.

शेतावर जाणाऱ्या बाईसाठी सगळ्यात सोयीची वेळ रात्रीची. जेवण आठला झालं तर गोळी दहाला, निजताना, साध्या पाण्यासोबत. मळमळ झाली तरी झोपेत निघून जाते. रात्री उशिरा चहा पिणाऱ्या घरात चहा आणि गोळी यांच्यात किमान एक तास सोडा, दोन सोडले तर उत्तम. पोटात फारच ढवळत असेल तर पहिला आठवडा जेवणानंतर लगेच घ्या. शोषण कमी होईल, पण गोळी बंद पडण्यापेक्षा ते बरं. मग हळूहळू निजतानाच्या वेळेवर आणा.

गोळीसोबत अर्धं लिंबू पाण्यात पिळून प्यायलं तर फायदाच. हिवाळ्यात आपल्याकडे संत्र्यांना तोटा नाही, आवळा असेल तर आणखीच बरं, त्यात क जीवनसत्त्व लिंबाच्या कितीतरी पट असतं.

आता जेवणाचा हिशेब, कारण "चांगलं खाल्लं की रक्त वाढतं" हे अर्धवट आहे. दोन मोठ्या ज्वारीच्या भाकरींना १०० ग्रॅमच्या वर पीठ लागतं, त्यात साधारण ४ मिग्रॅ लोह. दोन वेळचं तुरीचं वरण मिळून डाळ ५०-६० ग्रॅम, म्हणजे २ मिग्रॅ. एक वाटी पालेभाजी ३ मिग्रॅ धरा. वर भात, चटणी, भाजलेले दाणे. सगळं मिळून १० ते १२ मिग्रॅ होतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत बाईसाठी रोज २९ मिग्रॅ आहे. आकडा एवढा मोठा का? कारण धान्य-डाळीतलं लोह शंभरातलं फार तर आठच अंगी लागतं असं त्यात धरलंय. १२ मिग्रॅ खाल्लं तर जेमतेम एक मिग्रॅ रक्तात जातं. आणि पाळी येणाऱ्या बाईचं रोज सरासरी दीड मिग्रॅच्या आसपास जातं. तूट रोजची आहे, ती वर्षानुवर्षं साचत जाते.

म्हणून एचबी ८-९ असताना जेवणावर सोडू नका. जेवण तूट थांबवायला, गोळी खड्डा भरायला.

वऱ्हाडी_ठेचा

अन् बीट? डाळिंब? गूळ-शेंगदाणे? आमच्या गावात तं बीटाचा रस म्हणजे रगतच समजतात.

पोषण_अमरावती

बीट लाल आहे, एवढाच त्याचा रक्ताशी संबंध. १०० ग्रॅम बिटात एक मिग्रॅही लोह नाही, डाळिंबात तर त्याहून कमी. गरोदर बाईसाठी डाळिंब आणण्यापेक्षा त्या पैशात अंडी आणि लिंबं आणा. (अंड्यातलं लोहही फारसं अंगी लागत नाही, पण प्रथिनं आणि बी-१२ मिळतं, ते रक्ताला लागतंच.) गूळ १०० ग्रॅममागे साधारण साडेचार मिग्रॅ, आणि शंभर ग्रॅम गूळ कोण खातं? वीस ग्रॅमच्या खड्यात एक मिग्रॅही येत नाही.

खरोखर उपयोगी काय? तीळ, अख्खा मसूर, हरभरा, मोड आलेली मटकी. मोड आणल्याने फायटेट (धान्य-डाळीतला लोह अडवणारा घटक) कमी होतं, तेच लोह जास्त लागू पडतं. ज्वारीची आंबील त्याच कारणाने चांगली. मांसाहारी घरात बकऱ्याची रक्ती, कलेजी, सुकट-झिंगे. मांसातलं लोह १५ ते ३५ टक्के शोषलं जातं, आणि सोबतच्या भाजी-भाकरीतल्या लोहालाही ते मदत करतं. फक्त गरोदरपणी कलेजी टाळा, तिच्यात अ जीवनसत्त्व फार जास्त असतं.

अंबाडीची भाजी लोखंडी कढईत करा. आंबट पदार्थ कढईतलं लोह ओढून घेतो, भाजी काळपट होते, होऊ द्या. पण शिजली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, रात्रभर कढईत ठेवली तर चव लोखंडी होते आणि कोणी खात नाही. लिंबू ताटात पिळायचं, कढईत नाही, शिजवल्यावर क जीवनसत्त्व उडतं.

लॅबवाला

वाढलं नाही म्हणताय ते कशावर मोजून? हे आधी विचारा.

पहिल्या वेळी साहलीच्या नळीवर (रंग जुळवून एचबी बघायची जुनी पद्धत) ९.२, दुसऱ्या वेळी शिबिरात डिजिटल मशीनवर ८.८, तिसऱ्या वेळी तालुक्याच्या लॅबमध्ये ९.६. यातून काहीच कळत नाही. तुलना करायची तर तीच पद्धत, शक्यतो तेच मशीन.

साहलीत चुका ठरलेल्या असतात. एन बाय टेन हायड्रोक्लोरिक ॲसिड खालच्या खुणेपर्यंत, रक्त बरोबर २० मायक्रोलिटर, पिपेटच्या बाहेर लागलेलं पुसून मगच नळीत. मग पूर्ण दहा मिनिटं थांबायचं. गर्दीत तीन मिनिटांतच पाणी टाकायला घेतात, रंग पुरता चढलेला नसतो, आकडा कमी येतो. पाणी थेंबाथेंबाने, दर वेळी ढवळून, उजेडाकडे धरून. एक थेंब जास्त पडला की मागे येता येत नाही.

बोटातून रक्त घेताना: हात गार असेल तर आधी चोळून गरम करा. स्पिरिट वाळू द्या. टोचल्यावर पहिला थेंब कापसाने पुसा, दुसरा घ्या. बोट दाबून दाबून रक्त काढलं तर पेशींमधलं पाणी मिसळतं आणि एचबी खोटंच कमी दिसतं. डिजिटल मशीनच्या स्ट्रिपचा डबा उघडा ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो, डब्यावर लिहिलेलं तापमान वाचा आणि टिनाच्या खोलीत पेटी ठेवू नका.

महिनाभर नीट गोळ्या घेऊन एचबी किमान १ ग्रॅमने वाढायला हवं. नाही वाढलं तर गोळी बदलण्याआधी सीबीसी (रक्तपेशींची पूर्ण तपासणी) करा, कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात होतो. त्यात तीन ओळी बघा.

एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान, ८० च्या खाली म्हणजे पेशी लहान. लोह कमी आहे किंवा थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष) अंश आहे. एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने (दशलक्षातला आकडा) भागा. उत्तर १३ च्या वर आलं तर लोहाची कमी जास्त संभवते, खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरचा संशय. उदाहरणार्थ ६८ भागिले ३.९ म्हणजे १७, लोह. ६४ भागिले ५.६ म्हणजे ११, इथं एचबी-ए-२ ची (थॅलेसेमिया मायनर ओळखायची) तपासणी हवी. हा फक्त अंदाज आहे, निदान नाही.

एमसीव्ही १०० च्या वर म्हणजे बी-१२ किंवा फॉलिक ॲसिड कमी. शाकाहारी घरात हे बरंच सापडतं, आणि तिथं नुसत्या लोहाने आकडा हलत नाही.

एमसीव्ही साधारण पण आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातली तफावत) वाढलेला, तर लोह आणि बी-१२/फॉलिक ॲसिड दोन्ही कमी असू शकतात. लहान आणि मोठ्या पेशींची सरासरी मधेच येते आणि रिपोर्ट साळसूद दिसतो.

फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) परवडत असेल तर करा. १५ च्या खाली असेल तर साठा संपला हे नक्की. पण ताप, जखम, कसलाही संसर्ग चालू असताना फेरिटिन खोटं वाढतं, तेव्हा करू नका. एचबी १२ च्या वर आणि फेरिटिन तळाला, अशाही बाया असतात. थकवा, केस गळणं, रात्री पायांत वळवळ, माती किंवा कच्चे तांदूळ खायची ओढ, हे सगळं एचबी पडायच्या आधीही होतं.

झाडीपट्टी

लॅबवाले भाऊंनी सगळं लिहिलं, आमच्या पूर्व विदर्भाचं राहिलं. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली, आणि तिकडे मेळघाटही, इथं सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार) विसरून लोह देत सुटायचं नाही.

सोल्युबिलिटी चाचणी (सिकलसेलची पहिली, झटपट चाचणी) पॉझिटिव्ह आली म्हणजे बाई रुग्ण आहे असं नाही, वाहकही असू शकते. ती चाचणी दोघांत फरक करत नाही. पुढे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही लॅबमधली पक्की तपासणी करावीच लागते. उलटंही होतं: एचबी ७ च्या खाली असेल, किंवा नुकतंच रक्त चढवलेलं असेल, तर सोल्युबिलिटी खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

वाहक (एएस) बाईचं एचबी त्या कारणाने सहसा कमी होत नाही. तिचं ८ असेल तर दुसरं कारण शोधा, बहुतेक वेळा लोहच. तिने लाल गोळी घ्यायची. गावोगावी हे उलटं पसरलंय की "सिकलवाल्यानं लोहाची गोळी घ्यायची नाही". ही सूचना रुग्णांसाठी (एसएस) आहे, वाहकांसाठी नाही. रुग्णाच्या पेशी फुटत राहतात, वारंवार रक्त चढतं, प्रत्येक पिशवीतून दोनशे मिग्रॅच्या आसपास लोह अंगात जमतं. म्हणून त्यांना फॉलिक ॲसिड रोज, आणि लोह फक्त फेरिटिन बघून, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, तिच्यातून तपासणी मोफत होते.

दुसरं, आकडीकृमी. धानाच्या बांधीत अनवाणी रोवणी, आणि बांधावरच शौचाला बसणारे. अळी तळपायातून शिरते, आतड्याला चिकटून रक्त पिते. अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅची एक गोळी, चावून. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनी मुलांना मिळते, बायांचं राहूनच जातं. गरोदर बाईला पहिले तीन महिने सोडून. जंत पोटात ठेवून लोह देणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी.

आणि गडचिरोलीकडे ताप येऊन गेला असेल तर आधी मलेरियाची तपासणी.

सिस्टर_यवतमाळ

घागरीवरून मुख्य भोक राहिलं: पाळी. एक मिलिलिटर रक्तात अर्धा मिग्रॅ लोह. साधारण पाळीत ३०-४० मिलि रक्त जातं. ८० च्या वर गेलं की गोळीने कमावलेलं दर महिन्याला वाहून जातं. मिलि कोण मोजणार, म्हणून असं विचारा: दर एक-दोन तासाला पॅड किंवा कापड बदलावं लागतं का, रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गाठी पडतात का, सात दिवसांच्या वर चालते का, रात्री उठून बदलावं लागतं का. यातलं एक जरी "हो" असेल तर डॉक्टरांकडे. गर्भाशयातली गाठ, थायरॉइड, तांबी बसवल्यानंतर वाढलेली पाळी, कारणं बरीच आहेत आणि बहुतेकांवर इलाज आहे. "वय झालं, आता जाईलच" म्हणत चाळिशीतल्या बाया पाच-पाच वर्षं ओढतात. सासूसमोर विचारलं तर उत्तर मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा.

औषधीवाला

दुकानात येणाऱ्यांसाठी तीन-चार गोष्टी.

पाकिटावर "फेरस सल्फेट २०० मिग्रॅ" लिहिलं म्हणजे २०० मिग्रॅ लोह नाही, कोरड्या फेरस सल्फेटात ते ६०-६५ मिग्रॅ येतं. फेरस फ्युमरेटमध्ये तिसरा हिस्सा. महागड्या गोळीवर "एलिमेंटल", म्हणजे निव्वळ लोह, १०० मिग्रॅ असतं. सरकारी फुकटची गोळी हलकी असते हा गैरसमज, लोह तेच आहे. टॉनिकच्या बाटलीच्या मागे प्रति चमचा लोह किती ते वाचा, पुष्कळ बाटल्यांत नाममात्र असतं आणि साखर भरपूर.

कॅल्शियम आणि लोह एका वेळी घेऊ नका. गरोदर बाईला दोन्ही मिळतात आणि ती दोन्ही एकाच घोटात गिळते. कॅल्शियम सकाळ-दुपार जेवणानंतर, लोह रात्री. ॲसिडिटीची गोळी किंवा पातळ औषध घेणारीने दोन तास अंतर ठेवा.

शौच काळी होते, ते रक्त नव्हे. हे आधी सांगितलं नाही तर बाई घाबरून गोळी बंद करते. पण डांबरासारखी चिकट, फार घाण वासाची आणि सोबत पोटात दुखत असेल तर दाखवा.

एकदम दोन-तीन गोळ्या घेतल्या तर लवकर वाढतं असं नाही. डोस गेला की अंगात हेपसिडिन (लोहाचं शोषण अडवणारं संप्रेरक) वाढतं आणि जवळपास दिवसभर शोषण कमी राहतं. म्हणून गरोदर नसलेल्यांना काही डॉक्टर एक दिवसाआड देतात. गरोदर बाईने मात्र लिहून दिल्याप्रमाणेच घ्यायची.

आणि "ताकदीचं सलाईन": पाच टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलिमध्ये २५ ग्रॅम साखर, म्हणजे १०० कॅलरी. एका भाकरीत याहून जास्त असतात. लोह शून्य. लाल-पिवळं केलेलं सलाईन म्हणजे बी जीवनसत्त्व मिसळलेलं, रंगावर जाऊ नका.

वऱ्हाडी_ठेचा

मंग खरंखुरं लोहाचं इंजेक्शन असते ते वेगळं काय?

सिस्टर_यवतमाळ

हो, ते वेगळं आणि कामाचं. गोळी सहन होत नाही, महिनाभर नीट घेऊन वाढत नाही, किंवा सातवा-आठवा महिना लागला आणि एचबी कमीच आहे, अशांसाठी. पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत.

हिशेब असा: वजन × (हवं असलेलं एचबी − आत्ताचं) × २.४ + ५००. वजन ४५ किलो, एचबी ७.५, न्यायचंय ११ वर: ४५ × ३.५ × २.४ म्हणजे ३७८, अधिक ५००, म्हणजे ८७८ मिग्रॅ. आयर्न सुक्रोज हे लोहाचं इंजेक्शन एका वेळी २०० मिग्रॅ, १०० मिलि नॉर्मल सलाईनमध्ये, किमान पंधरा-वीस मिनिटांत, एक दिवसाआड, आठवड्याला ६०० च्या वर नाही. म्हणजे पाच फेऱ्या. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे दुसरं इंजेक्शन असेल तर तिचं जवळपास एका फेरीत भागतं, एका वेळी १००० च्या वर देत नाहीत. वावराच्या दिवसांत पाच वेळा तालुक्याला जाणं कोणाला जमत नाही, तिसऱ्या फेरीला बाई येत नाही, म्हणून हा फरक मोठा आहे.

डेक्स्ट्रोजमध्ये मिसळायचं नाही. संपल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं, रिॲक्शन आली तर ॲड्रेनलिन आणि ऑक्सिजन हाताशी हवं, म्हणून घरी किंवा खोलीवरच्या दवाखान्यात घेऊ नका. सुई शिरेबाहेर गेली तर कातडीवर तपकिरी डाग पडतो, महिनोन्‌महिने जात नाही. जळजळ झाली की लगेच सांगायचं. इंजेक्शन चालू असताना लोहाची गोळी बंद, फॉलिक ॲसिड चालू.

गरोदर आणि ७ च्या खाली असेल तर उपकेंद्रात वेळ घालवू नका, थेट जिल्हा रुग्णालय, सेवाग्राम किंवा नागपूर मेडिकल. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर तपासतात, रक्त कमी निघालेल्या बाईचं नाव आशाताईने त्या यादीत घालायलाच हवं.

झाडीपट्टी

एचबी १२ झालं की गोळी बंद करतात, तेही लिहा सिस्टर. आकडा वर आला तरी साठा भरलेला नसतो. पुढे तीन महिने चालू ठेवायची, नाहीतर दिवाळीला १२ अन् होळीला परत ९.

औषधीवाला

एक राहिलं आणि ते महत्त्वाचं. लाल, गोड पापुद्र्याची गोळी लेकरांना चॉकलेट वाटते. ६० मिग्रॅच्या दहा गोळ्या म्हणजे ६०० मिग्रॅ. दहा किलोच्या पोराला हे किलोमागे ६० झालं, त्यात जीव जाऊ शकतो, आणि २० पासूनच उलट्या-जुलाब सुरू होतात. मधे काही तास पोरगं बरं वाटतं, त्यावर फसू नका, लगेच दवाखाना, पाकीट सोबत न्या. गोळ्या खिडकीत किंवा देव्हाऱ्यापाशी ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात, उंच फळीवर. ओल लागून रंग उतरलेल्या, फुटून एकमेकींना चिकटलेल्या गोळ्या आशाताईला परत करा आणि नवीन घ्या.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडे सगळ्याच गोळ्या देव्हाऱ्यापाशी असतात जी. आजच हलवतो.